झाडीपट्टीच्या दप्तरासाठी फाइल सर्व्हर आणि वर्डप्रेस: मदत घ्यायची, पण सगळं आपल्याच नावावर

आमच्या ब्रह्मपुरीकडच्या भागात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, धान घरात आलं की नाटकांचे मंडप लागतात. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. प्रत्येक गावात कुणी ना कुणी मोबाइलवर फोटो काढतो, एखादं पद रेकॉर्ड करतो. एखाद्या म्हाताऱ्याच्या पेटीतून जुन्या नाटकाची पत्रिका निघते. हे सगळं आम्ही काहीजण वाचनालयाच्या एका खोलीत जमा करतो. सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचो. तिथे साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि पत्रिकेवरचं छापखान्याचं नाव, तिकिटाचा दर, खाली बारीक टाइपात छापलेली नटांची नावं वाचता येत नाहीत. नेमकं त्याच्यासाठीच तर ती पत्रिका जपायची असते.

म्हणून दोन गोष्टी उभ्या केल्या: गावागावांतून मूळ फाइली जशाच्या तशा येतील असा फाइल सर्व्हर, आणि त्यातलं निवडक लोकांना वाचता-बघता येईल असा वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवरचा ब्लॉग. आमच्यापैकी कुणीच संगणक शिकलेला नव्हता, त्यामुळे मदत घ्यावी लागली. कामाच्या पायऱ्या सांगतोच, पण मदत कशी घ्यावी हेही तितक्याच तपशिलात सांगणार आहे, कारण आमचं नुकसान तिथेच झालं होतं. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. यंत्रावर ती रोमन लहान अक्षरांत लिहायची.

यंत्र कुठे ठेवायचं

पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो: वाचनालयात जुना संगणक पडलाय, ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची फायबर आली आहे, मग सर्व्हर इथेच ठेवू. हौस म्हणून करून बघा, पण लोकांसाठीचं काम त्यावर टाकू नका. वीज जाते हे एक कारण. लिहिता लिहिता वीज गेली की डेटाबेस बिघडतो, आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्राचं मेमरी कार्ड तर हमखास दगा देतं. दुसरं कारण ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. रास्पबेरी पाय ८० अंशांपर्यंत तापला की स्वतःहून वेग कमी करतो.

तिसरं कारण डोळ्यांना दिसत नाही, आणि मदतनिसाचेही तासन्‌तास तिथेच जातात. बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना, मोबाइलच्या तर बहुतेक सगळ्याच, स्वतंत्र आयपी पत्ता मिळत नाही. शेकडो ग्राहक एकाच पत्त्याआड बसवलेले असतात. बाहेरच्या माणसाला तुमच्या यंत्रापर्यंत यायला वाटच नसते, राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे आत यायची आकडेवार दारं, उघडा. तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ काय दिसतो ते बघा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर काय दिसतो ते बघा. दोन आकडे वेगळे असतील, किंवा राउटरमधला आकडा १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर घरातला सर्व्हर हा विचार तिथेच सोडा.

मग उरतात दोन वाटा. फक्त ब्लॉग हवा असेल आणि फोटो मोजके असतील, तर शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवरची जागा, घ्या. तिथे वर्डप्रेस दोन-चार क्लिकमध्ये बसतं, फाइली चढवायला खातंही मिळतं, आणि या लेखातला निम्मा भाग तुम्हाला लागणार नाही. दहा गावांतल्या लोकांना वेगवेगळी खाती द्यायची असतील, मोठ्या ध्वनिफिती यायच्या असतील, तर छोटा आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, भाड्याने घ्या. १ जीबी रॅम आणि २५ जीबी जागेचा सर्व्हर महिन्याला साधारण पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. डेटा सेंटर मुंबई किंवा बंगळुरूचं निवडा, म्हणजे फाइल समुद्रापलीकडे जाऊन परत येणार नाही.

जागेचा हिशेब आधीच करा. सीडीच्या दर्जाची, न दाबलेली एक तासाची स्टिरिओ ध्वनिफीत सुमारे ६३५ एमबी होते. तीच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ५८ एमबीच्या आत बसते. गावातल्या जोडणीचा अपलोड वेग २ एमबीपीएस असेल तर मूळ फाइल चढायला पाऊण तास लागेल, आणि अशा चाळीस फाइलींत सर्व्हर भरून जाईल. आमच्यासाठी सर्व्हर म्हणजे धान बाजारात जाण्याआधी थोडा वेळ ठेवायचं कोठार आहे. दर रविवारी मूळ फाइली वाचनालयातल्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतो, दुसऱ्या डिस्कवर उतरल्याची खात्री करतो, आणि मगच सर्व्हरवरून काढतो.

डोमेन कुणाच्या नावावर

आमच्या पहिल्या ब्लॉगचं डोमेन, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, एका ओळखीच्या माणसाने स्वतःच्या ईमेलवरून घेतलं होतं. वाईट हेतू अजिबात नव्हता. आमच्यापैकी कुणाकडे कार्ड नव्हतं, त्याने पैसे भरून टाकले. पुढे तो कामासाठी बाहेर गेला, ईमेल बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्या जुन्या ईमेलवर येत राहिल्या आणि ब्लॉग ऐन नाटकांच्या दिवसांत बंद पडला. फाइल सर्व्हरचा पासवर्डही त्याच्याच डोक्यात. दीड वर्षाचं लिखाण गेलं. त्यात दंडार हे लोकनाट्य करणाऱ्या एका आजोबांची मुलाखत होती, आणि ती परत घ्यायला आता ते नाहीत.

तेव्हापासून आमचा नियम असा की काहीही विकत घेण्याआधी मंडळाच्या नावाने एक ईमेल खातं काढायचं. त्याला दोन माणसांचे मोबाइल नंबर जोडायचे. डोमेन, सर्व्हर, सगळं त्याच ईमेलवर घ्यायचं. मदतनिसाने पैसे भरले तरी चालतील, त्याला लगेच परत द्या, पण खातं मंडळाचंच. डोमेन एकदम तीन-पाच वर्षांचं भरून टाका. जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत भरता येतं. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ डोमेनही मिळतं आणि मनाला ते फार भावतं, पण काही ठिकाणी त्याच्या जागी एक्सएनने सुरू होणारी न कळणारी अक्षरं दिसतात आणि ईमेलला अडचण येते. म्हणून मुख्य पत्ता ‘.इन’चा घ्या आणि ऐपत असेल तर ‘.भारत’ त्याकडे वळवा.

मदत मागण्याआधी एक पान लिहा

तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्त करणारा असतो, नागपुरात शिकणारा कुणाचा तरी मुलगा असतो, गावातली पुण्याला नोकरी करणारी पोरगी दिवाळीला येते. ही माणसं मनापासून मदत करतात. पण त्यांच्याकडे जाऊन “भाऊ, वेबसाइट करून दे” म्हटलं की ती त्यांना सोपं जाईल ते करून देतात, तुम्हाला लागणारं नाही.

आधी एका पानावर लिहा: फाइली पाठवणार किती माणसं, कुठून, मोबाइलवरून की संगणकावरून. सगळ्यात मोठी फाइल केवढी. सगळ्यांनी सगळं बघायचं की ज्याने त्याने आपलंच. ब्लॉगवर लिहिणार कोण. महिन्याला खर्च किती झेपतो. हे पान घेऊन गेलात तर तो अर्ध्या तासात सांगेल की शेअर्ड होस्टिंग पुरे की व्हीपीएस लागेल.

मग त्याच्या शेजारी बसा. तो जे टाइप करतो ते रजिस्टरात उतरवा, कळलं नाही तरी उतरवा: तारीख, कोणती फाइल बदलली, आधी काय होतं, नंतर काय केलं. आमचं हे रजिस्टर म्हणजे लांब पानांची साधी वही आहे. पुढच्या वर्षी दुसरा मदतनीस आला तेव्हा त्याने फोन उघडण्याआधी ती वही मागितली. आणि मुख्य पासवर्ड कुणालाही सांगू नका, अगदी भाच्यालाही. मदतनिसाला त्याचं वेगळं खातं काढून द्या, सर्व्हरवरही आणि वर्डप्रेसमध्येही. यात अविश्वास नाही. पुढे काही बिघडलं तर कुणी काय केलं हे कळतं, आणि त्याच्यावर नाहक बोट येत नाही.

सर्व्हरचा पहिला दिवस

सर्व्हरवर उबुंटू या लिनक्स प्रणालीची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची, आवृत्ती घ्या. २४.०४ ला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात, म्हणजे दर सहा महिन्यांनी कुणाला बोलवावं लागत नाही. पहिली कमांड ‘आप्ट अपडेट’, मग ‘आप्ट अपग्रेड’. मग ‘अ‍ॅडयूजर’ने एक साधा वापरकर्ता काढून त्याला ‘सुडो’चा अधिकार द्यायचा, आणि रूट, म्हणजे सर्वाधिकारी, खात्याने थेट आत येणं बंद करायचं. व्यवस्थापकाने पासवर्डऐवजी एसएसएचची, म्हणजे दुरून सुरक्षितपणे सर्व्हरवर येण्याच्या पद्धतीची, किल्ली वापरायची. ही दोन फाइलींची जोडी असते: सार्वजनिक भाग सर्व्हरवर, खासगी भाग आपल्या संगणकावर. खासगी भागाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन वाचनालयाच्या कपाटात ठेवा.

भिंत, म्हणजे नको ती पोर्टं बंद ठेवणारी फायरवॉल, घालताना क्रम चुकवू नका. ‘यूएफडब्ल्यू’ सुरू करण्याआधी त्यात ओपनएसएसएचला परवानगी द्यायची, मग ८० आणि ४४३ या पोर्टना, आणि सगळ्यात शेवटी ‘एनेबल’. उलटं केलं तर आपणच दाराबाहेर राहतो.

१ जीबी रॅमच्या यंत्रावर आणखी एक काम पहिल्याच दिवशी करा, ते म्हणजे १ जीबीची स्वॅप फाइल, रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. ती नसेल तर काही आठवड्यांनी ब्लॉग उघडल्यावर ‘डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही’ असा निरोप दिसतो. माणूस पासवर्ड तपासत बसतो, आणि खरं कारण असं असतं की मेमरी संपल्यामुळे लिनक्सनेच डेटाबेस बंद पाडलेला असतो. शेवटी घड्याळ: ‘टाइमडेटसीटीएल’ने वेळ आशिया-कोलकाता करा, नाहीतर लॉगमधल्या, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीतल्या, वेळा साडेपाच तास मागे दिसतात आणि कोणती चूक कधी झाली हे जुळत नाही.

फाइल सर्व्हर: एफटीपी की एसएफटीपी

एफटीपी ही फाइली नेण्या-आणण्याची पद्धत १९७१ ची. तिचा पहिला मसुदा लिहिला अभय भूषण यांनी, कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडून एमआयटीत गेलेल्या भारतीय अभियंत्याने. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण तो काळ वेगळा होता. जाळ्यावर मोजकी विद्यापीठं, सगळे ओळखीचे. म्हणून साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, वाटेतला कुणीही वाचू शकतो. आज नवीन उभारणी करत असाल तर एसएफटीपीच घ्या. नाव सारखं असलं तरी ती वेगळी पद्धत आहे, एसएसएचच्या आतून चालते. तिला एकच पोर्ट लागतं, २२. आणि उबुंटूच्या सर्व्हरवर ओपनएसएसएच बहुधा आधीपासून असतंच, नवीन काही बसवावं लागत नाही.

काम असं करायचं. ‘दप्तर’ नावाचा एक गट काढा. प्रत्येक गावासाठी एक वापरकर्ता काढा, त्याला या गटात घाला, आणि त्याचं शेल ‘नोलॉगिन’ ठेवा, म्हणजे त्याला फाइली ठेवता येतील पण कमांड चालवता येणार नाहीत. मग एसएसएचच्या मांडणीच्या फाइलीत, ‘एसएसएचडी कॉन्फिग’मध्ये, अगदी शेवटी ‘मॅच ग्रुप’ची ओळ लिहून तिच्याखाली ‘क्रूट डिरेक्टरी’ आणि ‘फोर्स कमांड इंटर्नल-एसएफटीपी’ या दोन ओळी घाला. यामुळे त्या गटातला माणूस आपल्या फोल्डराबाहेर पडत नाही.

इथे एक खाच आहे. ज्या फोल्डरात माणसाला कोंडायचं, त्याचा मालक रूटच असावा लागतो आणि दुसऱ्या कुणाला त्यात लिहिण्याची परवानगी नसावी लागते. तसं नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही जोडणी लगेच तुटते आणि समोरच्याला कारण दिसत नाही. म्हणून प्रत्येक गावासाठी बाहेरचं फोल्डर रूटच्या मालकीचं ठेवायचं आणि त्याच्या आत ‘आवक’ नावाचं फोल्डर काढून ते त्या गावाच्या वापरकर्त्याच्या मालकीचं करायचं. फाइली ‘आवक’मध्ये पडतात. बदल करून झाला की ‘एसएसएचडी’ला ‘उणे टी’ जोडून मांडणी तपासा, मगच सेवा पुन्हा सुरू करा. आणि हे करताना आधीची खिडकी उघडीच ठेवा. नव्या खिडकीतून आत येता आलं, तरच जुनी बंद करा.

गावातल्या माणसांना किल्ल्यांचं प्रकरण जड जातं, म्हणून या गटापुरता पासवर्ड चालू ठेवला तरी चालेल, मात्र तो लांब हवा आणि सर्व्हरवर ‘फेल२बॅन’ हवं. ते चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्या पत्त्याला काही वेळ बाहेर काढतं. कधी आपल्याच माणसाला काढतं. “काल चालू होतं, आज काऊन नाही होऊन राहिलं?” असा फोन आला की आधी त्याला दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवरून बघायला सांगा. तिथून चालत असेल तर त्याचा पत्ता बंदीत सापडलाय.

संगणकावर फाइलझिला वापरा. ‘साइट मॅनेजर’मध्ये प्रोटोकॉल एसएफटीपी निवडायचा, पोर्ट २२. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची ओळख पटवणारा लांबलचक आकडा दिसतो. तो रजिस्टरात लिहिलेल्या आकड्याशी जुळवा, मग हो म्हणा. आमच्यासाठी फाइलझिलाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करणं. अर्धी फाइल चढली आणि नेट गेलं, तर पुन्हा चढवताना ‘रिझ्यूम’ निवडायचं. हे प्रत्येकाला हाताला धरून एकदा दाखवा, नाहीतर तीच ६०० एमबी तो चार वेळा चढवेल आणि मग नाद सोडून देईल.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग काय आहे ते. मोबाइलने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच राहिलं तर दोन वर्षांनी कोणता मंडप कोणत्या गावचा हे कुणालाच सांगता येत नाही.

कुणाकडे फक्त एफटीपीच कळणारा जुना स्कॅनर असेल, तर त्याच्यापुरतं ‘व्हीएसएफटीपीडी’ बसवता येतं, पण फाइली घेणारं वेगळं खातं ठेवा, ज्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही. दोन अडचणी हमखास येतात. आत जाता येतं पण फाइलींची यादी दिसत नाही, असं झालं तर पॅसिव्ह पोर्टं बंद आहेत: एफटीपीला बोलण्यासाठी २१ आणि सामान नेण्यासाठी वेगळं पोर्ट लागतं. मांडणीत ४०००० ते ४०१०० अशी मर्यादा ठरवून द्या आणि तेवढीच भिंतीत उघडा. दुसरी, ‘५०० ऊप्स’ असा निरोप. कोंडलेलं मूळ फोल्डर लिहिता येण्याजोगं आहे म्हणून तो नकार देतो. वर सांगितलेली ‘आवक’ फोल्डराची युक्ती इथेही लागू पडते.

वर्डप्रेस बसवणं

वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी पहिल्यांदा बाहेर आलं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी बी२ नावाच्या थांबलेल्या प्रकल्पातून ते पुढे नेलं. मुक्त आहे, फुकट आहे, आणि मराठीत आहे. त्याला वेब सर्व्हर, पीएचपी आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी लागतं. वेब सर्व्हर म्हणून नवख्यांसाठी मी अपाचे सांगतो, कारण लेखांचे सुटसुटीत पत्ते वर्डप्रेस त्यावर स्वतः लिहून घेतं. त्यासाठी ‘रीराइट’ मॉड्यूल चालू करायचं आणि मांडणीत ‘अलाउ ओव्हरराइड ऑल’ ठेवायचं. हे राहिलं की मुख्य पान दिसतं आणि प्रत्येक लेखावर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, येतो.

डेटाबेस काढताना अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ असावा, आणि ब्लॉगसाठी वेगळा वापरकर्ता, ज्याला त्या एकाच डेटाबेसचा अधिकार आहे. वर्डप्रेसची झिप उतरवून फोल्डरात सोडली, ब्राउझरमध्ये पत्ता उघडला, की ते डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड विचारतं. भाषा पहिल्याच पानावर ‘मराठी’ निवडा. याचा उपयोग फक्त मेन्यूपुरता नाही. पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळलं, आणि फाँटमध्ये सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न दिसता आपल्या मराठी वळणाचे दिसतात. जुन्या पत्रिकांशेजारी मजकूर वाचताना हा फरक जाणवतो.

एसएसएल, म्हणजे पत्त्याआधीचं कुलूप, लेट्स एनक्रिप्टकडून फुकट मिळतं. ‘सर्टबॉट’ ते बसवतो आणि साधारण ९० दिवसांची मुदत संपण्याआधी आपोआप नवं करतो. त्याआधी डोमेनची ए नोंद, म्हणजे नावाला आयपी जोडणारी ओळ, सर्व्हरच्या आयपीकडे वळलेली असावी आणि ८० पोर्ट उघडं असावं. लोक हे विसरतात आणि सर्टबॉटला दोष देतात.

वर्डप्रेस एफटीपीचा पासवर्ड मागतं तेव्हा

नवं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं पूरक सॉफ्टवेअर, बसवायला जावं तर वर्डप्रेस अचानक एफटीपीचा होस्ट, नाव, पासवर्ड मागतं. फाइल सर्व्हर आणि ब्लॉग दोन्ही एकाच यंत्रावर असले की लोकांना वाटतं, तोच पासवर्ड इथे द्यायचा असेल. देऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की वर्डप्रेसच्या फाइली ज्याच्या मालकीच्या आहेत तो वेगळा, आणि वेब सर्व्हर ज्या नावाने चालतो तो वेगळा, म्हणून त्याला स्वतःच्या फोल्डरात लिहिता येत नाही. उबुंटूवर वेब सर्व्हरचं नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’. ‘चोन’ कमांडने वर्डप्रेसच्या फोल्डराची मालकी त्याला दिली की प्रश्न मिटतो. फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ एवढी परवानगी पुरते. डेटाबेसचा पासवर्ड ज्या ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलीत असतो तिला ४४०.

कुणी घाईत असलेला मदतनीस ‘७७७ करून टाक, चालेल’ म्हणेल. चालतंही. पण मग त्या यंत्रावरचं कोणतंही खातं तुमच्या ब्लॉगच्या फाइली बदलू शकतं. तेव्हा त्याला थांबवा आणि मालकी विचारा.

मराठीसाठी खास काळजी

लेखाला मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्याच शब्दांचा पत्ता बनवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचं, आणि पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह त्याची ९ अक्षरं होतात. वर्डप्रेस पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा घालतं, म्हणजे सुमारे २२ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त हेही प्रत्येकी एक चिन्ह मोजलं जातं. ‘झाडीपट्टी’ या एका शब्दातच ९ चिन्हं जातात. मग पत्ता मध्येच तुटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांची भली मोठी रांग दिसते. म्हणून प्रकाशित करण्याआधी ‘स्लग’च्या, म्हणजे पत्त्यातल्या नावाच्या, रकान्यात छोटं रोमन नाव लिहा. प्रकाशित झाल्यावर बदललात तर आधी पाठवलेले दुवे तुटण्याची शक्यता असते.

जुना मजकूर डीटीपीच्या फाँटांत असेल तर चिकटवल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. त्याला युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात. बदलल्यावर ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’, ‘क्ष’, रफार आणि ‘ळ’ नीट आलेत का हे शब्द न् शब्द तपासा. नटांची आडनावं चुकली तर घरच्यांना लागतं.

फोटो चढत नसेल तर बहुतेक वेळा पीएचपीची मर्यादा आड येते. ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ मुळात २ एमबीच असतं. ते १६ एमबी करा, ‘पोस्ट मॅक्स साइझ’ त्याहून थोडं जास्त. पीएचपीच्या मांडणीच्या दोन फाइली असतात, एक कमांडसाठी आणि एक अपाचेसाठी. बदल अपाचेच्या फाइलीत करून अपाचे पुन्हा सुरू केला नाही, तर काहीच फरक पडत नाही. ध्वनिफितींची मात्र दाबलेली एमपीथ्री प्रतच ब्लॉगवर ठेवा.

आणि प्रकाशित करण्याआधी परवानगी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संहितेवर हक्क असतो, आणि सादर करणाऱ्या कलावंतालाही आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क आहे. नाटक गावाच्या मंडपात झालं म्हणून त्याची फीत गावाची होत नाही. आम्ही साध्या कागदावर संमती लिहून घेतो, त्या कागदाचा फोटो फाइलीशेजारी ठेवतो.

बॅकअप

ब्लॉग दोन ठिकाणी राहतो: लेख डेटाबेसमध्ये, फोटो ‘अपलोड्स’ फोल्डरात. एकाचाच बॅकअप घेतला तर अर्धंच वाचतं. अपड्राफ्टप्लस प्लगिन दोन्ही घेतं. व्हीपीएसवर ‘मायएसक्यूएलडंप’नेही डेटाबेस एका फाइलीत उतरतो. बॅकअप त्याच सर्व्हरवर पडून राहिला तर सर्व्हरबरोबर तोही जातो. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी तो हार्ड डिस्कवर उतरवायचा, आणि दुसरी डिस्क दुसऱ्या गावात. दर पावसाळ्यात, रोवणी आटोपली की, आम्ही तो बॅकअप एका रिकाम्या संगणकावर उघडून बघतो. पहिल्या वर्षी उघडलाच नाही. फोटोंचं फोल्डर त्यात नव्हतंच.

बिघडलं की काय सांगायचं

“चालत नाही” एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. निरोप जसाच्या तसा उतरवून पाठवा, वेळ लिहा, आणि त्याआधी काय केलं होतं ते लिहा. एसएफटीपीच्या बाबतीत तीन निरोपांचे तीन वेगळे अर्थ असतात. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे यंत्रापर्यंत पोचलात पण तिथे सेवा सुरू नाही किंवा पोर्ट चुकलंय. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे वाटेतच अडलं, भिंत किंवा नेट. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे दारापर्यंत पोचलात, पण नाव, पासवर्ड किंवा किल्ली चुकली. एवढं सांगितलं तरी मदतनिसाचा तासभर वाचतो.

ब्लॉगचं पान पांढरं पडलं तर ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये ‘डब्ल्यूपी डीबग’ आणि ‘डीबग लॉग’ चालू करायचं, आणि लोकांना चुका दिसू नयेत म्हणून ‘डीबग डिस्प्ले’ बंद ठेवायचं. मग ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरातल्या डीबग लॉगच्या शेवटच्या वीस ओळी पाठवायच्या. बहुतेक वेळा त्यात एखाद्या प्लगिनचं नाव दिसतं. फाइलझिलातून त्या प्लगिनच्या फोल्डराचं नाव बदललं की ब्लॉग परत उभा राहतो. जागा संपली का हे ‘डीएफ उणे एच’ने बघा. आमच्याकडे निम्म्या तक्रारी तिथेच निघाल्या.

काम झालं की त्याच दिवशी मदतनिसाचं खातं बंद करा, त्याची किल्ली सर्व्हरवरून काढा, वर्डप्रेसमधलं त्याचं व्यवस्थापकपद उतरवा, आणि रजिस्टरात ती तारीख लिहा. त्याचे पैसेही त्याच दिवशी द्या. तो नको नको म्हणेल, तरी द्या. पासवर्डांचं बंद पाकीट कपाटात ठेवून त्यावर दोघांच्या सह्या घ्या, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेही लिहून ठेवा.